तीन नंबरचा पिस्टन : एका सेकंडहँड गाडीची तपासणी

भाच्याने दोन महिन्यांत नऊ गाड्या नाकारल्या होत्या. त्यातली चिपळूणची एक तर न बघताच सोडली. एमएच-०८ नंबर पाहिला आणि म्हणाला, "मामा, पुरातली गाडी नको." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा टपापर्यंत बुडालेल्या गाड्या त्याने मोबाइलवर बघितल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरच्या नंबरांकडेही लोक असंच तिरकं बघायचे. मी काही बोललो नाही. पंचवीस वर्षं गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर म्हणून काढली आहेत. पाणी कुठल्या नंबरच्या गाडीत शिरतं याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पण भाच्यांना मतं सांगून उपयोग नसतो.

दहावी गाडी त्याला पसंत पडली. जून २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एमएच-१४, पहिलाच मालक, ५२ हजार किलोमीटर, मागणी ४ लाख ६० हजार. मालक निगडी प्राधिकरणात राहणारे, कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडीची कंपनी मुद्दाम सांगत नाही. जे झालं त्यात कारखान्याचा काही दोष नव्हता.

हे सगळं २०२४ च्या नोव्हेंबरातलं.

पहिली फेरी, जी फुकट गेली

आदल्या दिवशी भाच्याने फोनवर सांगून ठेवलं होतं की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. आम्ही सकाळी नऊला पोचलो. मी सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. मालक म्हणाले, "अहो, धुवायला बाहेर काढली होती." खरंही असेल. चकाचक धुतलेली होतीच.

गरम इंजिन बघण्यात अर्थ नाही असं नाही, पण निम्मी हकिकत तेवढ्यात निघून गेलेली असते. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, धातू आकसलेले असतात, फटी मोठ्या झालेल्या असतात. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रीत थेंब-थेंब तेल खाली झिरपतं आणि सकाळी सुरू करताक्षणी सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका येतो. मग दिवसभर काही नाही. पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्या बोअरमध्ये तो सैल झाला असेल तर पहिली दोन मिनिटं टक-टक येते आणि पिस्टन गरम होऊन फुगला की थांबते. एका गरम बॉनेटखाली हे सगळं दडतं.

तरी गेलोच होतो म्हणून वरवरचं बघून घेतलं. भाच्याला पुराची धास्ती, म्हणून आधी ते. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. बुडालेल्या गाडीत बेल्टचा आतला, कधी बाहेर न येणारा भाग मळकट राहतो, तो धुवायचं कुणाला सुचत नाही. बेल्ट स्वच्छ. सीटच्या रेल्सचे बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर, कार्पेटखालचा फोम, सगळं कोरडं आणि पुराशी कधी संबंध न आलेलं. भाचा खूश.

डिपस्टिक काढली. तेल मधासारखं, नुकतंच बदललेलं. तेलाचं झाकण उघडून खालून पाहिलं. तिथे ताकासारखा पांढरट थर असता तर तेलात पाणी जातंय का ते शोधावं लागलं असतं. तसं नव्हतं. कुलंट हिरवं, तेलाचा तवंग नाही. एअर फिल्टर कोरा. प्लगच्या कॉइलभोवती पान्याचे ताजे ओरखडे, म्हणजे प्लग हल्लीच काढले होते. उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो, तोही नवा, रबर अजून काळंभोर होतं.

"सर्व्हिसिंग करून घेतलंय नुकतंच," मालक म्हणाले.

इथे माझी जुनी खोड सांगतो. जुन्या गाडीत जुनी वस्तू दिसली की मी पुढे जातो, नवी दिसली की थांबतो. तेल, फिल्टर, प्लग हे सर्व्हिसिंगमध्ये बदलतात, ठीक. पण ५२ हजारांवर माउंटिंग कोण बदलतं? ज्याला गाडी थरथरल्यासारखी वाटते तो. गॅरेजात गेलं आणि "स्लोला (म्हणजे रेस न देता उभी असताना) थरथरते हो" म्हटलं, की पहिला इलाज माउंटिंग, दुसरा प्लग. दोन्ही झालेले होते.

मी मालकांना म्हटलं, उद्या सकाळी साडेसहाला येतो, तोवर किल्ली घरातच राहू द्या. त्यांनी कुरकुर केली नाही. ही त्यांच्या बाजूची पहिली गोष्ट.

निघताना विम्याची कागदं मागितली आणि मोबाइलवर फोटो काढला. बाकीची कागदपत्रं भाच्याने आधीच वाहन पोर्टलवर पडताळली होती. कर्जाचा बोजा उतरलेला, चलनं भरलेली.

विम्याच्या कागदातली एक ओळ

लोक पॉलिसी बघतात ती मुदत कधीपर्यंत आहे एवढ्यापुरती. मी आधी नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीची, ओळ वाचतो. आपल्याकडे त्याचे टप्पे ठरलेले आहेत. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. मध्ये एकदा क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून.

जून २०१८ ची, एकाच मालकाची गाडी. जून २०२४ च्या पॉलिसीवर ५० टक्के असायला हवे होते. होते २० टक्के. म्हणजे जून २०२३ ला शून्य झालेले. म्हणजे जून २०२२ ते जून २०२३ या वर्षात क्लेम. (गाडी दुसऱ्या मालकाकडे असती तर हा हिशेब चालला नसता. बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही.)

मालकांनी भाच्याला सांगितलं होतं, "एक ओरखडा नाही गाडीला." तेही खोटं नव्हतं. पत्रा मी पाहिला होता, रंग सगळा कारखान्याचा. ठोकलेली नाही आणि तरी क्लेम घेतलेली गाडी. चोरी, आग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी किंवा पाणी. २०२२ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने पुण्यात रस्त्यांचे ओढे केले होते ते कुणी विसरलेलं नसेल. पण हा अंदाज झाला. अंदाजावर गाडी नाकारायची तर चिपळूणची गाडी न बघता सोडणाऱ्या भाच्यात आणि माझ्यात फरक काय?

थंड इंजिनाचा ठेका

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. दव पडलेलं, बॉनेट गार. भाच्याला सायलेन्सरपाशी उभा केला, मालकांना स्टिअरिंगवर बसवलं आणि मी बॉनेट उघडून वाकून उभा राहिलो. त्यांना म्हटलं, "मी हात वर करेपर्यंत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग किल्ली फिरवा." बऱ्याच पेट्रोल गाड्यांत असं केलं की संगणक पेट्रोल बंद करतो आणि इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरत राहतं. या गाडीत तसं होत होतं.

आणि तेव्हा ते ऐकू आलं. निरोगी इंजिन स्टार्टरवर फिरताना चारही सिलिंडर सारख्याच जोराने अडवतात, त्यामुळे आवाज एकसुरी येतो, खुर्र-खुर्र-खुर्र-खुर्र. इथे चारातली एक मात्रा हलकी पडत होती. खुर्र-खुर्र-खुर-खुर्र. भजनात एखादा टाळकरी पेंगुळलेला असावा तसं. तीन ठिकाणी स्टार्टरला जोर लागतोय आणि चौथ्या ठिकाणी तो सुटल्यासारखा पुढे जातोय. म्हणजे एका सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाहीये.

भाच्याला काही कळलं नाही. मी परत फिरवायला लावलं आणि बोटाने मडगार्डवर ताल धरला, तेव्हा त्याला ऐकू आलं.

मग गाडी सुरू केली. लगेच सुरू झाली, निळा धूर नाही, काळा नाही. पांढरी वाफ होती, ती नोव्हेंबरच्या सकाळी प्रत्येक गाडीला असते आणि दोन-तीन मिनिटांत जाते. गेली. जाडसर पांढरा धूर गरम झाल्यावरही येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गास्किटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. इथे तसं काही नव्हतं. स्लोवर बारीक थरथर होती, नव्या माउंटिंगने बरीचशी गिळलेली. भाच्याने वर्तमानपत्राचा तुकडा सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. तो एका लयीत फडफडण्याऐवजी मधूनच अडखळत होता.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये माझं छोटं स्कॅनर लावलं. असं ब्लूटूथचं उपकरण हजाराच्या आत मिळतं आणि सेकंडहँड गाडी बघायला जाणाऱ्याने ते घ्यावंच, असं माझं मत आहे. बिघाडाचा मुख्य कोड एकही नाही. बहुतेक जण इथे समाधानाने स्कॅनर काढतात. मी त्यात आणखी दोन ठिकाणी बघतो. एक म्हणजे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. उत्तर आलं ४१ किलोमीटर. ५२ हजार चाललेल्या गाडीचे कोड चाळीसेक किलोमीटरपूर्वी कुणीतरी पुसले होते. दुसरं ठिकाण म्हणजे पेंडिंग कोड. अजून पक्के न झालेले, त्यामुळे डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा न लावणारे. तिथे एक होता, पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. तीन नंबर मिसिंग करतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल मधूनमधून नीट पेटत नाहीये.

गाडी रस्त्यावर घेतली. भक्ती-शक्ती चौकाच्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगावरून पूर्ण रेस दिली. ओढत होती, पण मनापासून नाही. भाचा म्हणाला, "चांगली जातेय की." गाडी चांगलीच जाते. चारातला एक थोडा कमी काम करत असेल तर शहरात ते कुणाला जाणवत नाही, मालकाला तर मुळीच नाही, तो हळूहळू सरावलेला असतो. परत येऊन स्लोवर एसी लावला, तेव्हा थरथर वाढली.

इतकं झाल्यावर मी मालकांना बाजूला घेतलं. म्हटलं, "गाडी तुमची, त्यामुळे तुमच्या परवानगीशिवाय एक नटही खोलणार नाही. पण चिंचवडला आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे तासभर गाडी नेऊ द्या. खर्च आमचा. जे निघेल ते तुमच्यासमोर निघेल." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि चप्पल घालून निघाले. ही त्यांच्या बाजूची दुसरी गोष्ट. जो विकणारा याला नाही म्हणतो त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

मिस्त्रीकडे

मिस्त्रीने आधी स्वस्तातलं बघितलं. दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदलल्या. मिसिंग कॉइलबरोबर दोनवर सरकलं असतं तर हजार-दीड हजाराचं काम होतं. नाही सरकलं. प्लग बदलून पाहिले, तेही तीनवरच. इंजेक्टरचा आवाज लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकला, चारही सारखे टिकटिकत होते.

मग चारही प्लग काढले, पेट्रोल आणि करंट बंद केला, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवलं आणि सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. इंजिन गरम, बॅटरी भरलेली. या दोन गोष्टी नसतील तर आकडे फसवतात. एक नंबर १८५ पीएसआय. दोन १८०. तीन १५२. चार १८५.

आकडे किती आहेत यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. सगळे १६० आले असते तरी मी फार बिचकलो नसतो. गेज गेजमध्ये फरक असतो, इंजिन सारखं झिजलेलं असतं. पण दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत आली की त्या सिलिंडरला काहीतरी झालंय. इथे तफावत सतरा-अठरा टक्के.

तीन नंबरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल फट बुजवतं आणि आकडा एकदम वर जातो. १५२ चे १५७ झाले. मिस्त्री म्हणाला, "रिंगा नाहीत साहेब. व्हॉल्व्ह बघू."

व्हॉल्व्हसाठी लीकडाउन. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि किती टक्के गळते ते गेजवर बघायचं. गळत असेल तर कुठून, ते कान सांगतो. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्किट. चारही सिलिंडर आठ ते बारा टक्क्यांत. तीन नंबर नऊ. एकदम घट्ट.

आता हे कोडं झालं. हवा कुठूनही गळत नाही, तरी दाब कमी. भाच्याने आशेने विचारलं, "मग गेज बिघडला असेल?" मिस्त्री आणि मी एकमेकांकडे बघितलं, कारण दोघांच्याही डोक्यात आता एकच उत्तर उरलं होतं.

डबा गळत नाही आणि तरी हवा कमी दाबली जाते, म्हणजे झाकण पूर्ण खाली बसत नाहीये. इंजिनात उलटं : पिस्टन पूर्ण वर येत नाहीये.

तपासायला काही महागडं लागत नाही. मिस्त्रीने वेल्डिंगच्या बारीक पितळी काडीचे दोन सारख्या लांबीचे तुकडे कापले, टोकं घासून गुळगुळीत केली. दोन आणि तीन नंबरच्या भोकांत एकेक काडी उभी सोडली, पिस्टनच्या डोक्यावर टेकेपर्यंत. चार सिलिंडरच्या या इंजिनात दोन आणि तीन एकदमच वर येतात, एक आणि चार एकदम. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून तो इंजिन हाताने हळूहळू फिरवू लागला. दोन्ही काड्या भोकांतून वर सरकायला लागल्या. जोडीने वर आल्या, थांबल्या आणि पुढे फिरवल्यावर जोडीने खाली गेल्या. पुन्हा वर आणून जिथे थांबल्या तिथे त्याने पाना धरून ठेवला.

तीन नंबरची काडी बुटकी होती. डोळ्यांना दिसेल इतकी. मालक चष्मा वर सरकवून खाली वाकले आणि बघत राहिले.

व्हर्नियर लावला. फरक १.६ मिलिमीटर. मग एक आणि चारची जोडी मोजली. त्या दोघांत आणि दोन नंबरात केसाएवढाही म्हणावा असा फरक नव्हता. तीन नंबरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, वाकलेला होता.

वाकतो कसा

रॉड वाकवायला पूर लागत नाही. या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये जवळपास ३०० सीसी जागा आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा तीसेक सीसी, म्हणजे पोह्याचे दोन-तीन चमचे. तेवढी हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या नळीतून तीस-चाळीस मिलिलिटर पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर येत असेल, तर कुणालातरी हार मानावी लागते. हेड मानत नाही, क्रँक मानत नाही. बारीक अंगाचा रॉड मानतो. वेग जास्त असेल तर तो तुटून ब्लॉकला भोक पाडतो. वेग कमी असेल तर किंचित वाकतो, इंजिन बंद पडतं आणि पाणी काढल्यावर पुन्हा सुरूही होतं.

या दुसऱ्या प्रकारात सगळेच फसतात. दीड मिलिमीटर ही फार क्षुल्लक गोष्ट वाटते, पण उरलेली जागाच मुळात आठ-साडेआठ मिलिमीटर उंचीची. त्यात दीडची भर पडली की दहाला एक असलेला दाब साडेआठला एकवर येतो आणि गेजवर १८५ चे १५२ होतात. आकडे जुळत होते. वाकलेल्या रॉडवर पिस्टन तिरका दाब घेतो, बोअर एका बाजूने घासतो, बेअरिंगची कड खाल्ली जाते आणि प्रत्येक फेऱ्यात तोच वाकलेला भाग पुन्हा-पुन्हा लवतो. तार मोडायची असेल तर आपण काय करतो? तेच. दहा हजार किलोमीटरमध्ये तुटेल की पन्नास हजारांत, हे कुणी सांगू शकत नाही. तुटला की ब्लॉकही जातो.

मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा सोडवून उलटा केला. फिल्टर कोरा होता, पण डब्याच्या तळाशी, पाणी जायला जे छोटं भोक असतं त्याच्या कडेने, वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ होती. भिंतीला ओल येऊन गेल्यावर राहते तशी. नखाने खरवडली तर भुकटी झाली. फिल्टर बदलणाऱ्याने डबा पुसला नव्हता.

मालक तिथल्याच स्टुलावर बसले. मग त्यांनीच सांगितलं. २०२२ च्या पावसात मुलगा रात्री घरी येत होता, रेल्वे पुलाखाली पाणी होतं, पुढची गाडी गेली म्हणून यानेही घातली. मध्येच बंद पडली. त्याने तिथेच तीन-चार वेळा स्टार्टर मारला. टोइंगने गॅरेजला नेली. प्लग काढून पाणी उडवलं, तेल बदललं, दोन सेन्सर आणि हेडलाइट विम्यातून मिळाले. इंजिन सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि इंजिन खोलून बघायचा विषय निघालाच नाही. निघाला असता तरी विमा कंपनीने बहुधा हात वर केले असते. साध्या पॉलिसीत पाणी ओढून गेलेलं इंजिन 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. मीच माझ्या नोकरीत असे किती क्लेम नाकारायला लिहून दिले त्याची मोजदाद नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नसते, ढकलून बाहेर काढायची असते, हे लोकांना सांगायची पाळी नेहमी रॉड वाकल्यानंतर येते.

"कोड पुसायला मीच सांगितलं," ते म्हणाले. "दिवा लागायचा आणि आपोआप जायचा. गॅरेजवाला म्हणाला, पेट्रोलमधल्या भेसळीमुळे होतं."

मी त्यांना लबाड म्हणणार नाही. दिवा पुसला ही लबाडी, पण दिव्यामागे काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोन वर्षं तीच गाडी घेऊन ते पंढरपूर, अक्कलकोट, गणपतीपुळे करून आले होते.

सौदा

मिस्त्रीने हाफ इंजिनचा अंदाज दिला. रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गास्किटचा सेट, हेडची तपासणी आणि मजुरी धरून पन्नास ते साठ हजार, बोअर खराब नसेल तर. असेल तर आणखी. भाच्याचे डोळे लगेच चमकले. तो मला बाजूला नेऊन म्हणाला, "मामा, लाख कमी करायला सांगू? काम करून घेऊ, चाळीस हजार सुटतील."

त्याचा हिशेब चूक नव्हता. पण इंजिन खोलल्याशिवाय बोअर आणि क्रँक कळत नाही, आणि खोलायचं म्हणजे आधी विकत घ्यायचं. शिवाय त्याला गाडी रोज चाकणला जायला हवी होती, महिनाभर गॅरेजात ठेवायला नाही. हीच गाडी एखाद्या मिस्त्रीने साडेतीन लाखाला घेतली असती तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं. भाच्याला नको म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मालकांनी गाडी विकायला काढलेली मागे घेतली. डिसेंबरात त्यांचाच फोन आला, "साहेब, मुलगा म्हणतो तीच ठेवू. कुणाकडे खोलू?" मी त्याच मिस्त्रीचं नाव सांगितलं आणि हेड उतरवायच्या दिवशी मुद्दाम गेलो.

हेड उचललं तेव्हा रॉड बघायची गरजच नव्हती. प्रत्येक बोअरच्या वरच्या काठाला काजळीचं एक कडं असतं, जिथपर्यंत पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत तेवढं. एक, दोन आणि चार नंबरला ते सारख्या रुंदीचं. तीन नंबरला वाटीच्या काठाला जास्तीची साय धरावी तसं रुंद. त्या इंजिनात दोन वर्षं लिहून ठेवलेलं होतं, पिस्टन इथवरच यायचा. रॉड काढून मिस्त्रीने काचेवर आडवा ठेवला आणि शेजारी दोन नंबरचा ठेवला. तीन नंबरच्या पोटाखालून मागच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता. बोअरला एका बाजूने चकाकी आली होती, पण नखाला लागेल असा ओरखडा नव्हता, म्हणून ब्लॉक वाचला. सगळं मिळून ५८ हजार बिल झालं.

भाच्याने जानेवारीत गाडी घेतली. नंबर एमएच-०८, चिपळूणचीच. बघायला आम्ही दोघं आदल्या रात्री मुक्कामाला गेलो होतो, आणि पहाटे किल्ली फिरवायच्या आधी बॉनेटवर हात त्यानेच ठेवला.